कुटुंब, वाहन आणि वाट : मराठी प्रवासविनोदपटाचा एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

एखादे कुटुंब काही कामासाठी घराबाहेर पडते, एका वाहनात कोंडले जाते, वाटेत त्याची फजिती होते आणि मुक्कामी पोहोचेपर्यंत घरातील झाकलेल्या गोष्टी उघड्या पडतात. या साच्यावर उभा राहणारा विनोदी चित्रपट हा विसाव्या शतकातील मोटारीचे आणि पक्क्या रस्त्यांचे अपत्य आहे. अमेरिकेत फ्रँक काप्रा यांच्या 'इट हॅपन्ड वन नाइट' (१९३४) या चित्रपटाने लांब पल्ल्याच्या बसमध्ये विनोदाची जागा शोधली. तेथील नायक-नायिका एक कुटुंब नव्हेत. वडिलांच्या घरातून पळालेली मुलगी आणि एक पत्रकार यांची ती कथा आहे. हिंदीत तिच्यावरूनच 'चोरी चोरी' (१९५६) आणि 'दिल है के मानता नहीं' (१९९१) हे चित्रपट निघाले. संपूर्ण कुटुंब स्वतःच्या मोटारीत बसवून त्याची दैना दाखविण्याचा प्रघात पुढे 'नॅशनल लॅम्पून्स व्हेकेशन' (१९८३) या चित्रपटाने लोकप्रिय केला आणि 'लिटल मिस सनशाइन' (२००६) मध्ये त्याला करुणेची जोड मिळाली.

हा प्रकार मराठीत रुजला काय, आणि रुजला असल्यास तो यशस्वी ठरतो काय, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. येथे यश म्हणजे केवळ तिकीटबारीवरील यश नव्हे. हसू प्रवासातूनच निर्माण होते की ते वाहनाबाहेरून आणून लादले जाते, ही यशाची कसोटी येथे धरली आहे.

मुंबईच्या वेशीवरून

या विषयाचा भूगोल समजून घेण्यास तुर्भे हे ठिकाण सोयीचे आहे. शीव-पनवेल महामार्ग येथून जातो आणि मुंबईहून कोकण, गोवा वा घाटमाथ्याकडे निघालेल्या गाड्यांची मोठी रीघ याच मार्गाने पुढे सरकते. मुंबईतील घाऊक बाजारपेठा १९८० आणि १९९० च्या दशकांत वाशी-तुर्भे परिसरात हलल्यावर माथाडी कामगार, वाहनचालक आणि छोटे व्यापारी यांची मोठी वस्ती येथे झाली. त्यांतील अनेकांचे 'गाव' दुसरीकडेच असल्याने गणपतीला, यात्रेला आणि लग्नाला गावी जाणे हा त्यांच्या वार्षिक जीवनाचा भाग आहे.

ठाणे खाडीवरील वाशीचा पहिला पूल १९७३ मध्ये झाला. एस. रामनाथन दिग्दर्शित 'बॉम्बे टू गोवा' १९७२ मध्ये प्रदर्शित झाला. म्हणजेच भारतीय प्रेक्षकाच्या मनात मुंबई–गोवा बसप्रवासाचे चित्र कायमचे कोरणारा चित्रपट आला, त्या वेळी तो प्रवास खाडी ओलांडून नव्हे, तर ठाण्याचा वळसा घेऊन करावा लागत होता. गोवा पोर्तुगीज सत्तेपासून मुक्त होऊन तेव्हा अवघी दहा वर्षे लोटली होती. मुंबईच्या सामान्य कुटुंबाने बसमध्ये बसून गोव्यास जावे ही कल्पनाच त्या काळी नवी होती, आणि चित्रपटाच्या आकर्षणाचा काही भाग तरी या नवेपणातून आला असावा.

चित्रपटाची कथा मात्र मुळात या मार्गावरची नव्हे. 'मद्रास टू पाँडिचेरी' (१९६६) या तमिळ चित्रपटाचे ते रूपांतर होते. त्यातील वाट बदलली, प्रवाशांचे नमुने बदलले, पण सांगाडा तोच राहिला. संकटात सापडलेली तरुणी, तिच्या मागावरचे गुंड, आणि या सर्वांभोवती भिन्न प्रांतांचे, भिन्न धर्मांचे प्रवासी. मेहमूद यांनी रंगविलेला कंडक्टर हा या बसचा खरा सूत्रधार आहे. नायक अमिताभ बच्चन असले तरी बसवर सत्ता कंडक्टरची चालते. आज हा चित्रपट पाहताना त्यातील काही विनोद शिळा वाटतो. खाण्याचा पदार्थ दिसताच अनावर होणाऱ्या लठ्ठ मुलावर वारंवार हसविणे, किंवा प्रांताप्रांतांच्या बोलीची टवाळी, हे प्रवासातून आलेले हसू नव्हे, ते घरून बरोबर आणलेले आहे. याउलट अनोळखी माणसांना एकाच डब्यात तासन्‌तास एकमेकांना सहन करावे लागते, तेव्हा होणारी गंमत पन्नास वर्षांनंतरही टिकून आहे.

एस. टी. : मराठी कुटुंबाची मोटार

मराठीत स्वतःच्या मोटारीतून फिरणाऱ्या कुटुंबाचा विनोदपट उशिरा का आला, याचे उत्तर सामाजिक इतिहासात आहे. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली. त्यानंतरची किमान चार दशके मराठी मध्यमवर्गाचा आणि ग्रामीण समाजाचा लांबचा रस्ताप्रवास मुख्यतः एस. टी.नेच झाला. मारुती मोटार १९८३ मध्ये बाजारात आली आणि त्यानंतरही ती बहुसंख्यांच्या दारी लगेच उभी राहिली नाही. त्यामुळे मराठी विनोदाने कुटुंबाचा प्रवास पाहिला तो सार्वजनिक वाहनात, चारचौघांच्या नजरेसमोर. पु. ल. देशपांडे यांची 'म्हैस' ही कथा याचा उत्तम पुरावा आहे. एस. टी.समोर म्हैस आडवी येते, गाडी थांबते, आणि थांबलेल्या गाडीभोवती एक संपूर्ण समाज जमा होतो. तेथे प्रवासापेक्षा खोळंबा महत्त्वाचा आहे.

लक्ष्मण देशपांडे यांचा 'वऱ्हाड निघालंय लंडनला' हा एकपात्री प्रयोग याच परंपरेतला. एका नटाने बावन्न व्यक्तिरेखा उभ्या करणे हा त्याचा विक्रम सर्वांना ठाऊक आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, मराठवाड्यातील कुटुंब येथे मौजेसाठी नव्हे, तर लग्नासाठी बाहेर पडते. अमेरिकन चित्रपटातील कुटुंब सुटी घालविण्यास निघते. मराठी कुटुंब मात्र नवस फेडण्यास, लग्नास, अस्थिविसर्जनास किंवा गावच्या गणपतीस निघते. काम टाळता येत नाही, म्हणून माणसे एकत्र येतात. एकरूप होतातच असे नाही.

हा धागा सर्वांत ठळकपणे दिसतो तो सचिन पिळगांवकर यांच्या 'नवरा माझा नवसाचा' या २००० च्या दशकाच्या मध्यास आलेल्या चित्रपटात. वडिलांनी बोललेला अवघड नवस मुलाने कधी फेडलेला नाही. मुलाला गणपतीपुळ्याच्या देवळात विवस्त्र आणीन, असा तो नवस. बायकोला हे कळते आणि ती नवऱ्याला तेथे नेण्याचा हट्ट धरते. हे कारण विनोदासाठी फार चांगले आहे. प्रत्येक मैलागणिक नवऱ्याची लाज जवळ येत जाते आणि बस चालूच राहते. नवऱ्याचा संकोच आणि बायकोची श्रद्धा यांतला हा ताण एस. टी.च्या बाकावर, परक्या प्रवाशांच्या देखत, अधिकच हास्यास्पद होतो. अशोक सराफ यांचा कंडक्टर मेहमूद यांच्या कंडक्टरचा वारस आहे, परंतु तो शासकीय सेवेतील माणूस आहे. नियम, तिकीट आणि घंटी यांच्या आधारे तो तात्पुरत्या कुटुंबाचा कर्ता होतो. दशावतारातील संकासुर आणि तमाशातील सोंगाड्या यांची आठवण त्याच्याकडे पाहून व्हावी, इतका तो या भूमीचा आहे.

या चित्रपटाचे दौर्बल्यही येथेच नोंदवावयास हवे. हिरेचोरीचे उपकथानक त्यात आणल्यामुळे बसमधला विनोद अधूनमधून बसबाहेर पडतो. १९७२ च्या चित्रपटातील गुंडांची ही परंपरागत सोय होय. कुटुंबाचा प्रवास एवढ्याच सामग्रीवर अडीच तास प्रेक्षक धरून ठेवता येईल, हा विश्वास त्या वेळच्या व्यावसायिक चित्रपटास नव्हता. हा विश्वास असता तर चित्रपट अधिक चांगला झाला असता, असे मानण्यास पुरेसा आधार त्याच्या पूर्वार्धातच सापडतो.

मोटार आल्यानंतर

गुंडांची ही सोय नाकारणारा प्रयत्न मंगेश जोशी यांच्या 'कारखानीसांची वारी' या चित्रपटात दिसतो. तो २०२० च्या टोकियो आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखविला गेला आणि पुढल्या वर्षी चित्रपटगृहांऐवजी थेट ऑनलाइन माध्यमावर आला. घरातील थोरल्याच्या अस्थी घेऊन भाऊबंद आणि मुलगा मोटारीने निघतात. येथे खलनायक कोणीच नाही. मोटारीतील माणसेच एकमेकांना पुरी पडतात. मृत्यूच्या सान्निध्यातले हे हसू सर्वच प्रेक्षकांना रुचेल असे नाही, तरी वर मांडलेल्या कसोटीवर हा चित्रपट पूर्णपणे उतरतो. राजेश मापुसकर यांच्या 'व्हेंटिलेटर' (२०१६) मध्ये तर प्रवास जवळपास नाहीच. गणेशोत्सवाच्या तोंडावर कुटुंब रुग्णालयात अडकते आणि 'म्हैस'मधल्या खोळंब्याशी त्याचे नाते जुळते.

हेमंत ढोमे यांच्या 'झिम्मा' (२०२१) या चित्रपटाने वेगळीच दिशा घेतली. तेथे स्त्रिया कुटुंब घरी ठेवून इंग्लंडच्या सहलीस निघतात. टाळेबंदीनंतर प्रेक्षक चित्रपटगृहाकडे फिरकेल की नाही अशी शंका असताना हा चित्रपट चालला, आणि २०२३ मध्ये त्याचा दुसरा भागही आला. कौटुंबिक प्रवासविनोदपटात स्त्री आजवर डबे भरणारी, आठवण करून देणारी, हट्ट धरणारी अशीच होती. तिला मोकळे हसण्यासाठी कुटुंब मागे ठेवावे लागले, ही गोष्ट या प्रकाराच्या मर्यादेविषयी बरेच सांगून जाते.

प्रत्यक्ष रस्त्याची दखल मात्र या चित्रपटांनी फारशी घेतलेली नाही. २ ऑगस्ट २०१६ रोजी महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल कोसळून दोन एस. टी. बसेस वाहून गेल्या. ज्या मार्गावर दोन पिढ्या पडद्यावर हसल्या, तोच हा मार्ग. पनवेल–इंदापूर टप्प्याच्या रुंदीकरणास २०११ मध्ये आरंभ झाला आणि ते काम वर्षानुवर्षे रेंगाळले. गणपतीला तुर्भ्याहून निघालेल्या कुटुंबाने वडखळच्या कोंडीत काढलेले तास हे विनोदाला पुरेसे खाद्य आहेत, पण कोणा दिग्दर्शकाने ते अद्याप घेतलेले नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये 'नवरा माझा नवसाचा २' प्रदर्शित झाला. कुटुंब पुन्हा गणपतीपुळ्यास निघते, अशोक सराफ पुन्हा गणवेशात येतात, परंतु या वेळी ते तिकीट तपासनीस आहेत, आणि प्रवास कोकण रेल्वेने होतो.