कापलेली मुलगी आणि संपलेली वेळ

९ एप्रिल १९५६. बीबीसीच्या 'पॅनोरमा'मध्ये बंगालचे जादूगार पी. सी. सरकार यांनी १७ वर्षांच्या दीप्ती डे हिला गोल करवतीखाली निजवून मधोमध कापलं. मग हाका मारल्या, ती हलेना. तेवढ्यात निवेदक रिचर्ड डिंबलबी पुढे आले आणि कार्यक्रम संपला म्हणाले! बीबीसीचे फोन खणखणू लागले. मुलगी अर्थातच ठणठणीत होती.

माणूस कापण्याची जादू नवी नव्हती. सेल्बिटने ती लंडनमध्येच १९२१ साली केली होती. पण रंगमंचावर शेवटी मुलगी उठून हसते, प्रेक्षकांचा जीव भांड्यात पडतो. टीव्हीवर नेमका तोच शेवट कापला गेला. सरकारांनी वेळ मुद्दाम ताणली असं बरेच जण मानतात, मलाही तेच पटतं. मुरलेला जादूगार घड्याळ विसरेल होय? लंडनमधल्या त्यांच्या प्रयोगांची तिकिटं पुढे हातोहात खपली.

आज हा किस्सा भाबड्या प्रेक्षकांची गंमत म्हणून सांगतात, ते काही बरोबर नाही. 'पॅनोरमा' हा चालू घडामोडींचा कार्यक्रम. १९५३ चा राज्याभिषेक लोकांनी टीव्हीवर डिंबलबींच्याच आवाजात पाहिला होता. त्यांनी विश्वास ठेवला तो जादूगारावर नव्हे, डिंबलबींवर.