सीमेन्स लाचखोरी प्रकरण

सीमेन्स लाचखोरी प्रकरण हे जर्मनीतील सीमेन्स या विद्युत व अभियांत्रिकी उद्योगसमूहाने विविध देशांत सरकारी कंत्राटे मिळवण्यासाठी दिलेल्या लाचेचे प्रकरण होय. १५ नोव्हेंबर २००६ रोजी म्युनिकमध्ये कंपनीच्या कार्यालयांवर छापे पडल्यानंतर ते जगासमोर आले. अमेरिका व जर्मनीतील कारवाईत कंपनीला एकूण सुमारे १.६ अब्ज डॉलर भरावे लागले.

पार्श्वभूमी

परदेशी अधिकाऱ्यास लाच देणे हा जर्मनीत दीर्घकाळ गुन्हा नव्हता. उलट ती रक्कम व्यवसायखर्च म्हणून दाखवून करसवलत घेता येत असे. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या १९९७ च्या करारानुसार केलेला कायदा फेब्रुवारी १९९९ मध्ये अमलात आला आणि अशी लाच गुन्हा ठरली. १२ मार्च २००१ रोजी कंपनीची न्यूयॉर्क शेअर बाजारात नोंदणी झाल्यावर परदेशी भ्रष्टाचारासंबंधीचा अमेरिकेचा १९७७ चा कायदाही तिला लागू झाला. लाच देण्यास मनाई करणारे नियम कंपनीत होते. मात्र ते कागदावरच राहिले.

कार्यपद्धती

बनावट सल्लागार करार, मध्यस्थ आणि हिशेबाबाहेरील निधी यांद्वारे पैसे दिले जात. कंपनीत रोख रकमेच्या खिडक्याही होत्या. तेथून कर्मचारी सुटकेस भरून पैसे नेत. मंजुरीपत्रांवर थेट सही करण्याऐवजी ती सुट्या चिकटचिठ्ठीवर करत, म्हणजे चिठ्ठी काढताच सही करणाऱ्याचा माग उरत नसे. अमेरिकेच्या रोखे व विनिमय आयोगानुसार मार्च २००१ ते सप्टेंबर २००७ या काळात किमान ४,२८३ वेळा, एकूण सुमारे १.४ अब्ज डॉलर लाचेपोटी देण्यात आले. अर्जेंटिनातील राष्ट्रीय ओळखपत्रे, व्हेनेझुएलातील मेट्रो आणि बांगलादेशातील मोबाइल जाळे हे त्यांतील काही प्रकल्प होत.

खटला व दंड

१५ डिसेंबर २००८ रोजी वॉशिंग्टनच्या संघीय न्यायालयात मूळ कंपनीने गुन्हा कबूल केला, परंतु तो लाच दिल्याचा नव्हता. हिशेबाच्या खोट्या नोंदी आणि अंतर्गत नियंत्रणाचा अभाव यांचा होता. त्यामुळे मूळ कंपनी अमेरिकेत लाचखोरीबद्दल दोषी ठरली, हे प्रचलित विधान काटेकोर नाही. हा भेद केवळ शाब्दिक नव्हता: लाचेच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या कंपनीवर सरकारी निविदांतून वगळले जाण्याची टांगती तलवार असते आणि सीमेन्सचा मोठा व्यवसाय अशाच निविदांवर चालत असे. अमेरिकेत तिला ८० कोटी डॉलर, तर म्युनिकमध्ये २००७ साली २०.१ कोटी व २००८ साली ३९.५ कोटी युरो भरावे लागले.

परिणाम

२००७ साली पर्यवेक्षण मंडळाचे अध्यक्ष हाइनरिश फॉन पीरर आणि मुख्याधिकारी क्लाउस क्लाइनफेल्ड यांनी पदे सोडली. जुलै २००७ मध्ये पेटर ल्योशर हे बाहेरचे गृहस्थ मुख्याधिकारी झाले. खरी माहिती देणाऱ्या कर्मचाऱ्यांना कंपनीने मर्यादित अभय दिले. त्यानंतर चौकशीला वेग आला. तडजोडीच्या अटीनुसार जर्मनीचे माजी अर्थमंत्री थिओ वाइगल यांची अनुपालनावरील निरीक्षक म्हणून नेमणूक झाली. २००९ साली जागतिक बँकेशी झालेल्या समझोत्यात सीमेन्सने भ्रष्टाचारविरोधी कार्यासाठी १५ वर्षांत १० कोटी डॉलर देण्याचे आणि दोन वर्षे बँकेच्या प्रकल्पांसाठी निविदा न भरण्याचे मान्य केले.