आधी उपचार, मग कारण

लेडी मेहेरबाई टाटा जून १९३१मध्ये ल्युकेमियाने गेल्या. पुढच्या वर्षी सर दोराबजींनी पत्नीच्या नावाने या रोगावरच्या संशोधनासाठी ट्रस्ट स्थापन केला आणि काही आठवड्यांत तेही गेले. १९४१मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलं, तेव्हाही ल्युकेमियावर औषध असं नव्हतंच. १९४८ साली बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन देऊन काही मुलांचा रोग तात्पुरता मागे हटवला. पहिली आशा दिसली आणि तिच्याबरोबर एक कोडंही आलं. रक्त स्वच्छ दिसतं, मूल खेळायला लागतं, तरी रोग परत का येतो?

हा प्रश्न मला पुस्तकात भेटला नाही. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना आत्याला अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया झाला. केमोनंतर रिपोर्ट चांगला आला, घाटकोपरच्या घरी पेढे वाटले. आठ महिन्यांनी रोग परतला. बाबा विचारत राहिले, "सगळं मेलं होतं ना? मग हा आला कुठून?"

याचं उत्तर टोरांटोत सापडलं. तिथे जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅककलक यांनी १९६१पासूनच्या काही वर्षांत दाखवून दिलं, की अस्थिमज्जेतली एकच पेशी रक्ताच्या अनेक प्रकारच्या पेशींना जन्म देऊ शकते. हीच मूळपेशी. १९९४मध्ये त्याच शहरात जॉन डिक यांच्या गटाने आत्याला होता त्या प्रकारच्या ल्युकेमियाच्या पेशी प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांत सोडल्या. बहुतेक पेशी तशाच विरून गेल्या. साधारण अडीच लाखांत एक पेशी मात्र रोग पुन्हा उभा करू शकत होती. तिच्या पृष्ठभागावर सीडी३४ होतं, सीडी३८ नव्हतं. म्हणजे वरून ती निरोगी मूळपेशीसारखीच दिसत होती.

केमोचा मारा मुख्यतः भराभर विभागणाऱ्या पेशींवर होतो. या मूळपेशींपैकी बऱ्याच निवांत पडून असतात, म्हणून वाचतात. शेतातला कुंदा वरून कापला तर रान स्वच्छ दिसतं. जमिनीखालची मुळी पुढच्या पावसाची वाट बघत असते.

गंमत अशी की परळला या मुळीवर घाव त्याच्या अकरा वर्षं आधीच घातला गेला होता. सिएटलला डोनल थॉमस यांच्याकडे शिकून आलेल्या डॉ. सुरेश अडवाणींनी १९८३मध्ये नऊ वर्षांच्या एका मुलीवर, तिच्या भावाची मज्जा घेऊन, भारतातलं पहिलं यशस्वी बोनमॅरो प्रत्यारोपण केलं. तिलाही मायलॉइड ल्युकेमियाच होता. जबर उपचारांनी रुग्णाची मज्जा रिकामी करायची आणि दात्याच्या मूळपेशी पेरायच्या, अशी ही पद्धत. शिवाय दात्याच्या प्रतिकारपेशी उरलेल्या रोगाला हुडकून मारतात. आमच्या भाषेत, बग सापडत नव्हता म्हणून अख्खी डिस्क फॉरमॅट केली.

आता नेमका नेम धरण्याचे दिवस आलेत. मी रोज मुलुंडहून पवईला कामाला येतो. तिथल्याच आयआयटीत, टाटा मेमोरियलच्या साथीने, 'नेक्सकार१९' ही कार-टी उपचारपद्धती तयार झाली. ऑक्टोबर २०२३मध्ये तिला मंजुरी मिळाली. रुग्णाच्याच टी-पेशींना सीडी१९ ही खूण ओळखायला शिकवून त्या परत शरीरात सोडतात. ही खूण बी-पेशींवर असते. रोगाबरोबर निरोगी बी-पेशीही मरतात, पण त्यांच्याशिवाय माणूस, गरज पडल्यास बाहेरून अँटिबॉडी घेत, जगू शकतो.

मायलॉइड प्रकारात ही सोय नाही. तिथे रोगाच्या मूळपेशीवरच्या बऱ्याच खुणा निरोगी मूळपेशीवरही असतात. सरसकट मारल्या तर रक्त बनणंच थांबेल. म्हणून अशा रुग्णाचा रोग परतला, की डॉक्टर आजही बहुधा १९८३चाच प्रश्न आधी विचारतात: सख्खं भावंड आहे का? पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक.

आत्याला एकच भाऊ होता. बाबांची मज्जा जुळली नाही.