पाठीवरच्या ओझ्याचा इतिहास



संस्कृतीचा इतिहास सांगतांना आपण चाकाचें कौतुक करतों, होडीचें करतों, घोड्याचेंहि करतों. परंतु जेथें चाक चालत नाहीं, होडी तरत नाहीं आणि घोड्याचा पाय ठरत नाहीं, तेथें ओझें कोणीं वाहिलें? या प्रश्नाचें उत्तर एकच आहे; तें मनुष्याच्या पाठीनें वाहिलें. या पाठीचा इतिहास मात्र सहसा कोणी सांगत नाहीं. आज सुटीच्या दिवशीं शहरांतील तरुण-तरुणी रंगीत सॅक पाठीला लावून सह्याद्रीच्या वाटेला लागतात. ती सॅक आजच्या रूपाला येण्यास पांच हजारांहून अधिक वर्षें लागलीं, आणि त्यांतील खरी सुधारणा शेवटच्या सव्वाशें वर्षांतच झाली. असें कां व्हावें, याचा विचार आज करावयाचा आहे. चार दिवसांच्या पायीं प्रवासासाठीं चांगली सॅक कशी पारखावी, याचें उत्तरहि त्या विचारांतूनच निघेल.

या विषयाकडे माझें लक्ष वळलें तें माझ्या एका चुकीमुळें. १९८७ सालच्या डिसेंबरांत मी शाळेंतील मुलांना घेऊन तोरण्याहून राजगडास गेलों होतों. मुलांच्या पाठीवर खाकी कापडाच्या पिशव्या होत्या. पट्टे दोन बोटें रुंदीचे. दुसऱ्या दिवशीं डोंगराच्या धारेवर एक मुलगा मागें पडूं लागला. "सर, उजवा हात बधिर झाला आहे," असें तो म्हणाला. तो काम चुकवीत आहे असें मला वाटलें, आणि मीं त्याला सर्वांदेखत बोल लावला. मुलगा गप्प राहिला आणि चालूं लागला. राजगडावर पोंचल्यावर चहाचा पेला त्याच्या हातांतून निसटला, तेव्हां माझे डोळे उघडले. त्याची पिशवी मीं उचलून पाहिली. मुलगा आज्ञाधारक, म्हणून तांदूळ आणि पातेलीं त्याच्याच वांट्याला आलीं होतीं. कांहीं दिवसांनीं त्याचा हात पूर्ववत् झाला. पुढें पुष्कळ वर्षांनीं माझ्या वाचनांत आलें कीं, पट्ट्याच्या दाबानें खांद्याजवळील मज्जातंतु चेपले जाऊन हात लुळा पडतो. वैद्यकांत या विकाराला सॅकेवरूनच नांव मिळालें आहे. म्हणजे मुलगा खरें बोलत होता, आणि त्याचा शिक्षक इतिहास शिकवीत असूनहि अडाणी होता.

आतां मूळ इतिहासाकडे वळूं. १९९१ सालच्या सप्टेंबरांत ऑस्ट्रिया आणि इटली यांच्या सरहद्दीवर, आल्प्स पर्वतांत, डोंगर चढून आलेल्या एका दांपत्याला वितळत्या बर्फांत एक प्रेत दिसलें. परीक्षणाअंतीं तें सुमारें ५,३०० वर्षांपूर्वींच्या मनुष्याचें ठरलें. त्याच्याजवळ तांब्याची कुऱ्हाड होती, अपुरें राहिलेलें धनुष्य होतें; आणि घोड्याच्या नालासारखी वाकविलेली एक लांब काठी व दोन लांकडी पट्ट्याहि होत्या. पाठीवर ओझें बांधण्याचा हा सांगाडा असावा, असें बहुतेक संशोधकांनीं मानलें आहे. म्हणजे पिशवी नुसती लोंबकळत ठेवूं नये, तिला आधाराचा सांगाडा हवा, ही गोष्ट त्या डोंगरी मनुष्याला ठाऊक होती. स्वतःचें ओझें तो स्वतःच वाहत होता, हें येथें ध्यानांत ठेवावें.

पुढें मोठमोठीं राज्यें झालीं, सैन्यें झालीं, आणि ओझ्याविषयीं निर्णय घेणारा एक व तें वाहणारा दुसरा, अशी वांटणी झाली. इ. स. पूर्वीं दुसऱ्या शतकाच्या अखेरीस रोमच्या मारियस या सेनापतीनें सैन्यामागून चालणारे सामानाचे तांडे कमी केले आणि तें सामान शिपायांच्या खांद्यावर दिलें. शिपाई आपलें गाठोडें काठीला बांधून चालत. लोक त्यांना 'मारियसचीं खेंचरें' म्हणूं लागले. विनोद चांगला आहे. पण तो खेंचरांनीं केलेला नसावा असें वाटतें!

यानंतर जवळजवळ दोन हजार वर्षें शिपायाच्या पाठीची कोणी फारशी विचारपूस केली नाहीं. एकोणिसाव्या शतकांत ब्रिटिश शिपायाची पिशवी पट्ट्यांनीं छातीशीं आवळलेली असे. त्या शतकाच्या सातव्या दशकांत एका सरकारी समितीनें या पट्ट्यांचा शिपायाच्या छातीवर व हृदयावर काय परिणाम होतो, याची चौकशी केली. लष्करी आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक एडमंड पार्क्स हे त्या समितींतील प्रमुख वैद्य होते. त्यानंतर १८७१ सालीं जें नवें साहित्य आलें त्यांत पिशवी खालीं कमरेपाशीं आणण्यांत आली. अमेरिकेंत १८८० नंतरच्या दशकांत हेन्री मेरियम या लष्करी अधिकाऱ्यानें ओझें लांकडी दांड्यांच्या योगानें कमरेच्या पट्ट्यावर उतरविण्याची युक्ति काढली. कल्पना शास्त्रशुद्ध होती. परंतु ज्या शिपायांनीं ती पिशवी घालून पाहिली त्यांना ती सुखाची वाटली नाहीं, आणि सैन्यानें ती स्वीकारली नाहीं. कागदावर बरोबर असलेली वस्तु पाठीवर बरोबर ठरेलच असें नाहीं, हा धडा त्यांतून घेण्यासारखा आहे.

ओझें कमरेवर कां उतरवावयाचें, हें येथेंच सांगतों. आपला खांदा हा वस्तुतः टांगलेला अवयव आहे. गळ्याखालचें हाड एका टोकाला छातीच्या हाडास जोडलेलें असतें. बाकी सारा खांदा स्नायूंच्या आधारावर राहतो. उलट कमरेचीं हाडें म्हणजे एक भक्कम कडें असून तें सरळ पायांवर टेकलेलें आहे. खांद्यावरचें ओझें स्नायूंना थकवितें, कमरेवरचें ओझें हाडांच्या वाटेनें जमिनीला पोंचतें. दुसरी गोष्ट अंतराची. भरलेली बादली अंगाशीं धरली तर सोसते; हात लांब करून धरली तर क्षणांत जड होते. तीच कथा सॅकेची. ओझें पाठीपासून जितकें दूर, तितकें मनुष्याला पुढें वांकावें लागतें.

या दोन गोष्टी ज्यांनीं साधल्या ते स्वतः ओझें वाहणारे लोक होते. नॉर्वे देशांतील ओले बर्गन हा १९०८ सालीं शिकारीस गेला असतां पाठीवरच्या पिशवीनें बेजार झाला. त्यानें एक फांदी पाठीच्या आकाराप्रमाणें वांकविली आणि पिशवीला बांधली. तिच्यावरून पुढें पोलादी नळीचा सांगाडा झाला व १९०९ सालीं त्याचें पेटंट निघालें. ब्रिटिश सैन्यांत मोठ्या सॅकेला 'बर्गन' म्हणतात, तें याच गृहस्थाच्या नांवावरून. १९२० च्या सुमारास अमेरिकेच्या लॉइड नेल्सननें अलास्कांत प्रवास करतांना तेथील मूळ रहिवाशाकडून एक पाठपिशवी उसनी घेतली. विलोच्या काठ्यांवर सीलचें कातडें ताणून ती बनविलेली होती. तिच्यांत सुधारणा करून त्यानें लांकडी चौकटीची व ताणलेल्या कापडाची पिशवी केली आणि १९२४ सालीं तिचें पेटंट मिळविलें. मूळ कल्पना त्या अनाम रहिवाशांची, हें विसरतां कामा नये.

यापुढचा टप्पा कॅलिफोर्नियांतील एका मध्यमवर्गीय घरांतला आहे. डिक केल्टी हा सुतारकाम जाणणारा मनुष्य. त्याला डोंगरांत भटकण्याचा नाद होता. एकदां चढणीवर सॅकेच्या सांगाड्याचीं खालचीं टोकें विजारीच्या मागच्या खिशांत अडकविलीं, तेव्हां खांदे एकाएकीं हलके झाले, अशी कथा सांगतात. मेरियमच्या दांड्यांनीं जें साधलें नाहीं, तें या खिशांनीं सुचविलें! १९५२ सालीं केल्टीनें कर्ज काढून घरींच धंदा मांडला. विमानांसाठीं वापरतात त्या ॲल्युमिनियमच्या नळ्या तो वांकवी, आणि त्याची पत्नी नेना पिशव्या शिवी. पहिल्या वर्षीं २९ सॅका विकल्या गेल्या. किंमत प्रत्येकीं २४ डॉलर. कमरेचा पट्टा लोकांच्या अंगवळणीं पडला तो येथून. १९६७ सालीं ग्रेग लो यानें सांगाडा पिशवीच्या आंत घातला, त्यामुळें ओझें पाठीला अधिक चिकटलें. आज दुकानांत दिसणाऱ्या बहुतेक सॅका याच वंशांतील आहेत.

परंतु या कथेला दुसरी बाजू आहे. १९५३ सालीं एव्हरेस्टवर मनुष्याचें पाऊल प्रथम पडलें. त्या मोहिमेचें सामान काठमांडूकडून डोंगरांत नेण्यास साडेतीनशेंच्या आसपास हमाल लागले. त्यांच्या पाठीवर ना पोलादी नळी होती, ना ॲल्युमिनियम. वेताची किंवा बांबूची टोपली आणि कपाळावरून घेतलेला 'नाम्लो' नांवाचा पट्टा, एवढेंच त्यांचें साधन. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठीं शास्त्रज्ञांनीं नेपाळांतील नामचे बाजाराच्या वाटेवर हमालांचीं ओझीं मोजलीं. पुरुषांचें ओझें सरासरीनें त्यांच्या स्वतःच्या वजनाच्या ९३ टक्के भरलें, स्त्रियांचें ६६ टक्के. इतकें ओझें ते आपल्या आधुनिक सॅकेच्या मानानें कमी शक्ति खर्चून वाहतात, असेंहि आढळलें. आपल्याकडील बाया चुंबळीवर घागर ठेवून ताठ चालतात, त्यांतहि हीच परंपरागत विद्या आहे. म्हणून या लोकांना आपण अडाणी समजूं नये. मात्र त्यांची विद्या पाहून त्यांच्या ओझ्याला आपण मर्यादा घालणार नाहीं, असेंहि होऊं नये. पेरू देशानें २००१ सालीं कायदा करून डोंगरवाटेवरील हमालाचें ओझें २० किलोंवर मर्यादित केलें. मारियसच्या खेंचरांपासून या कायद्यापर्यंत दोन हजारांहून अधिक वर्षांचें अंतर आहे.

या इतिहासाच्या उजेडांत, सॅक घेऊं इच्छिणाऱ्यांना चार गोष्टी सुचवितों.

पहिली गोष्ट, माप उंचीचें नव्हे, पाठीचें घ्यावें. मान वांकविली असतां तिच्या तळाशीं जें ठळक हाड हाताला लागतें, तेथपासून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडांना जोडणाऱ्या रेषेपर्यंतचें अंतर मोजावें. दोन सारख्या उंचीच्या भावांचीं हीं मापें निराळीं निघतात. स्त्रियांच्या खांद्यांची व कमरेची ठेवण वेगळी असल्यामुळें त्यांनीं भावाची किंवा पतीची सॅक बरोबर होईल असें गृहीत धरूं नये.

दुसरी गोष्ट, कमरेचा पट्टा रुंद व भरीव असावा, आणि तो पोटावर न येतां कमरेच्या हाडांवर बसावा. प्रथम तो आवळावा, मग खांद्याचे पट्टे. नीट बसलेल्या सॅकेचें बहुतेक ओझें कमर घेते. खांद्यांनीं तिला फक्त सांवरावयाचें असतें.

तिसरी गोष्ट, रिकामी सॅक घालून पसंत करूं नये. दुकानांत आठ-दहा किलो वजन तिच्यांत घालावें आणि पंधरा-वीस मिनिटें चालावें, शक्य तर जिना चढावा-उतरावा. जड वस्तु पाठीशीं लगटून मध्यभागीं ठेवाव्या. पाठीला वारा लागावा म्हणून जाळी ताणलेल्या सॅका मिळतात. आपल्या दमट हवेंत त्या सुखाच्या खऱ्या, पण ओझें थोडें मागें जातें, हेंहि जाणून घ्यावें.

चौथी गोष्ट, मोठी सॅक घेतली कीं ती भरण्याचा मोह होतो. तीन-चार दिवसांना ५० ते ६० लिटरची पुरे होते, आणि भरलेलें ओझें आपल्या वजनाच्या पांचव्या हिश्श्याच्या आंत ठेवावें, असा अनुभवी लोकांचा ठोकताळा आहे. १९५५ सालीं एमा गेटवुड नांवाची ६७ वर्षांची आजी अमेरिकेंतील अपॅलॅशियन पर्वताची दोन हजार मैलांची वाट एकटी चालून गेली. तिच्या खांद्यावर सॅकच नव्हती. घरीं शिवलेली जाड कापडाची एक थैली होती. शहाणपणानें मागें ठेवलेली वस्तु ही सर्वांत सुखाची होय.

आणि आतां शेवटचें. जो वाहतो त्याला विचारल्यावांचून ओझें सुखाचें होत नाहीं, हेंच या पांच हजार वर्षांचें तात्पर्य मला दिसतें. मेरियमचे शिपाई, नेपाळचे हमाल आणि माझा तो विद्यार्थी यांच्यापाशीं सांगण्यासारखें कांहीं होतें. ऐकणारा मात्र दर वेळीं उशिरा आला. आपल्या मुलांना डोंगरांत जरूर पाठवा. चालतांना एखादें मूल थांबून "हात बधिर झाला" असें म्हणालें, तर त्याला धीर शिकविण्यापूर्वीं त्याच्या पाठीवरची पिशवी उतरवून आपल्या हातानें उचलून पाहा. मला तें उशिरा सुचलें; आपल्याला वेळेवर सुचावें, एवढ्याचसाठीं हें भाषण.