दिनविशेष : २१ मे
मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, भर समुद्रातल्या ‘बॉम्बे हाय’मधून १९७६ साली आजच्याच दिवशी तेलाचे उत्पादन सुरू झाले. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या समुद्रातल्या खोदकाम मंचाने तिथे तेल शोधले होते. एक रुपयाच्या नोटेमागे चित्र आहे ते त्याचेच!

पण समुद्रातले हे काम चालते किनाऱ्याच्या भरवशावर. उरणजवळच्या न्हावा तळावरून पाइप, सिमेंट, डिझेल, पिण्याचे पाणी लादून पुरवठा नौका निघतात.

नाशिककरांना हा धागा मनमाडजवळ पानेवाडीत सापडेल. बॉम्बे हायचे तेल शुद्ध करणाऱ्या मुंबईच्या रिफायनरीतले पेट्रोल-डिझेल नळवाहिनीने तिथल्या डेपोत येते.

२७ जुलै २००५ रोजी बहुउद्देशीय साहाय्यक नौकेच्या धडकेनंतर लागलेल्या आगीत बॉम्बे हायमध्ये २२ जणांनी प्राण गमावले. आज त्यांचेही स्मरण करूया.