पाटाकाठचे झाड : इब्री स्तोत्रे आणि मराठी ख्रिस्ती भक्ती

मराठी बायबलमधील ‘स्तोत्रसंहिता’ हा प्राचीन इस्राएलच्या प्रार्थनांचा आणि गीतांचा संग्रह आहे. त्याचे इब्री नाव ‘तेहिल्लीम’, म्हणजे स्तवने. यात १५० स्तोत्रे पाच भागांत मांडलेली असून ७३ स्तोत्रांच्या शीर्षकात दावीद राजाचे नाव येते. नाव स्तवनांचे असले, तरी संग्रहात सर्वाधिक भरणा विलापगीतांचा आहे. आजारी, एकाकी, खोट्या आरोपात सापडलेला माणूस देवाला जाब विचारतो आणि बहुधा त्याच गीताच्या शेवटी त्याचे आभारही मानतो. ८८व्या स्तोत्रात मात्र हा दिलासा येतच नाही; ते अंधारातच संपते. तरीही ते प्रार्थनाग्रंथात राहिले. दुःख देवापुढे जसेच्या तसे मांडणे हीही भक्तीच आहे, हा त्याचा पहिला बोध.

ही गीते ख्रिस्ती उपासनेत आली ती स्वतः येशूच्या मुखातून. वधस्तंभावर त्याने २२व्या स्तोत्राच्या आरंभीचे शब्द उच्चारल्याचे शुभवर्तमान सांगते. चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या अथानासियसने स्तोत्रांना आरशाची उपमा दिली : वाचणाऱ्याला त्यांत स्वतःचे मन दिसते. पुढे ऑगस्टिनने त्यांत ख्रिस्ताचा आणि त्याच्या मंडळीचा एकत्र आवाज ऐकला. बोध काढण्याच्या या दोन वाटा तेव्हापासून चालत आल्या. पहिल्या वाटेने स्तोत्रातला ‘मी’ म्हणजे वाचणारा, दुसरीने ख्रिस्त. मात्र दोन्हींच्या आधी मूळ इब्री गायकाचे म्हणणे समजून घ्यावे लागते. ते सुटले की बोध पोकळ होतो.

मराठीत इब्री पवित्र कथा काव्यरूपाने प्रथम आली ती गोव्यात. १५७९ मध्ये तेथे आलेले इंग्रज जेजुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापून झाले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाच्या पहिल्या पुराणात जुन्या कराराची कथा आहे. इब्री परंपरा मराठी छंदात सहज नांदू शकते, हे त्यातून सिद्ध झाले. इब्री कवितेची घडणही याला अनुकूल आहे. ती अंत्ययमकावर उभी नाही. एक विचार पहिल्या अर्ध्यात सांगून दुसऱ्या अर्ध्यात तो निराळ्या शब्दांत परतवणे, ही तिची मुख्य लय आहे. भाषांतरात यमक हरवते, ही लय टिकते.

कोकणात इब्री प्रार्थना जिवंत ठेवली ती बेने इस्राएल समाजाने. या मराठीभाषक ज्यूंसाठी स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून इब्री व्याकरण तयार केले. मुंबईचे शिक्षक जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी ज्यू उपासनेची पुस्तके मराठीत आणली. १८८० पासून या समाजात बायबलमधील कथांवर मराठी कीर्तनेही होऊ लागली. ख्रिस्ती वाचकाने हे ऋण विसरू नये : ही स्तोत्रे ज्यांची, ते लोक त्याचीच भाषा बोलत त्याच्याच किनाऱ्यावर राहत होते.

पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये इब्री आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत उतरवले. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९२४ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. कमी शिकलेल्या बाईलाही कळावे, हा त्यामागचा ध्यास होता. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक तुकारामांच्या वाटेने ख्रिस्तापाशी पोहोचल्याचे सांगत. त्यांनी अभंग, भजन आणि कीर्तन मंडळीच्या उपासनेत रुजवले. आर्त हाक, स्वतःच्या दोषांची कबुली आणि अखेरीस शरण जाणे, हा स्तोत्रांचा क्रम अभंग ऐकत वाढलेल्या कानाला परका नव्हता.

पालघर जिल्ह्याच्या उत्तर भागात ही स्तोत्रपरंपरा दोन वाटांनी आली. डहाणूत चर्च ऑफ द ब्रदरन या अमेरिकन मंडळीने काम उभारले. १९७० मध्ये तिच्या येथील मंडळ्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाल्या. तलासरीत जेजुइटांचे ज्ञानमाता सदन आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लोकभाषेला वाव दिला आणि कॅथलिक मिस्सा मराठीत होऊ लागली. पहिल्या वाचनानंतर एकाने स्तोत्राचे कडवे म्हणायचे आणि सर्वांनी ध्रुवपद परतवायचे, ही रीत भजनाला जवळची आहे.

या भूमीत काही स्तोत्रे विशेष उघडतात. पहिल्या स्तोत्रात नीतिमान माणूस पाण्याकाठच्या झाडासारखा आहे. तेथील ‘पल्गे मायिम’ या इब्री शब्दांचा रोख रानातल्या नदीपेक्षा माणसाने खोदलेल्या पाटांकडे आहे. ‘शातूल’ म्हणजे लावलेले. काही अभ्यासकांच्या मते एका जागेवरून काढून दुसरीकडे लावलेले. चिकूचे कलम लावणाऱ्या आणि भाताची आवणी करणाऱ्या डहाणूकराला हे समजावून सांगावे लागत नाही. झाड आपोआप उगवलेले नाही. कोणी तरी ते निवडून लावले आणि त्याच्यापर्यंत पाणी आणले. म्हणून फळाचे श्रेय आधी लावणाऱ्याला जाते.

कोकणात ‘आगर’ म्हणजे नारळी-पोफळीची बाग आणि आगर म्हणजे मीठ पिकवण्याची जागाही. १०७व्या स्तोत्रात ही दोन्ही चित्रे जवळजवळ येतात : रहिवाशांच्या दुष्टपणामुळे सुपीक जमीन खारट होते आणि वाळवंटात पुन्हा पाणी उभे राहते. बांध फुटून खाडीचे पाणी शेतात शिरले की पीक कसे जाते, हे किनाऱ्यावरच्या शेतकऱ्याने पाहिलेले असते. आपल्या वागणुकीचा परिणाम जमिनीलाही भोगावा लागतो, हा इशारा त्याला लगेच पटतो. नासलेली जमीन देव पुन्हा पिकवू शकतो, ही आशाही त्याच स्तोत्रात आहे. त्याच्या अखेरीस शहाण्याने या गोष्टींकडे लक्ष द्यावे असे सुचवले आहे, आणि स्तोत्रांतून बोध घेण्याची रीत मुळात तीच आहे.