२३ सप्टेंबर २०१८ : टायगर वुड्सचा ८०वा विजय
अटलांटाच्या ईस्ट लेक मैदानावर टायगर वुड्सने आजच्या दिवशी टूर चॅम्पियनशिप जिंकली. पाच वर्षांत एकही विजेतेपद नाही, आदल्याच वर्षी पाठीच्या मणक्यावर मोठी शस्त्रक्रिया. तो पुन्हा उभा राहील असे फार थोड्यांना वाटत होते. अठराव्या होलकडे निघालेल्या वुड्सच्या मागे हजारो प्रेक्षक मैदानात धावले. गोल्फसारख्या शांत खेळात असे दृश्य विरळाच! अमेरिकी हंगामाअखेरची ही स्पर्धा १९८७मध्ये सॅन अँटोनिओत सुरू झाली. पहिला विजेता टॉम वॉटसन. २००७पासून ती फेडएक्स कपची अंतिम लढत असून, फक्त ३० खेळाडूंना प्रवेश मिळतो. हंगामभराच्या एकूण गुणांवर ठरणारा २०१८चा तो कप मात्र जस्टिन रोझने पटकावला.